गोडं पाणी

जयगडच्या खाडीतून बाहेर पडलं
की डावीकडे जो काळा दगड दिसतो
त्याला नकाशात नाव नाही.
अब्बासभाई खलफे त्याला म्हणतात, माझं हापिस.

एकोणीस वर्षं त्यांनी तिथे डिझेल नेलं.
आठवड्याला तीन कॅन, होडीच्या पाटलीखाली,
झाकणात प्लास्टिकची पिशवी दुमडून.
तरी हाताला वास राहायचाच,
आणि जेवायला बसताना झैबुनभाभी विचारायच्या,
आज पापलेट आणलंत की जनरेटर?

त्या दगडावर आहे काय?
एक खांब. खांबावर दिवा.
दिव्याखाली वायरलेसचा डबा,
वारं फिरलंय, परत या,
एवढंच लांबच्या ट्रॉलरना सांगणारा.
वीजमंडळाची तार सड्यावरच्या शेवटच्या आंब्यापाशी संपते.
त्यापुढे कुणी खांब रोवला नाही.
समुद्रात कोण रोवणार?

मी गेले भांगाच्या दिवशी, पाणी निवलेलं असताना,
घोंगड्यांत गुंडाळलेल्या बारा काचा घेऊन.
माझे स्क्रू हातात घेऊन अब्बासभाई म्हणाले,
पोरी, हे दोन वर्षं टिकतील. तीन नाही.
ग्रीस लाव. वर मेण.
पॉलिटेक्निकात मेणाचा धडा नव्हता.

काचा दक्षिणेकडे, सतरा अंश कलत्या,
दुपारी ओटीवर पाट उशाला घेऊन
कुणी लवंडावं तशा.
शेजारी लहानशी पवनचक्की,
कारण इथे ऊन गेलं की बहुधा वारा येतो,
दोघांचं पटत नसलं तरी पाळी ठरलेली.
आणि कोपऱ्यात जुना जनरेटर.
साहेब म्हणाले होते, काढून टाका.
मी म्हटलं, हायब्रीड म्हणजे तेच ना,
कुणालाच कायमचं घरी बसवायचं नाही.
मी जनरेटरबद्दल बोलत होते.
अब्बासभाई होडीचा दोर बांधत होते,
गाठ सोडून त्यांनी पुन्हा मारली.

माघात वीज कमी भरू लागली.
मी मीटर लावला, जोड तपासले, चोवीस सेल मोजले.
सगळं ठीक.
अब्बासभाईंनी काचेवर बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.
मीठ.
बाकीचं कुरव पक्ष्यांचं, ते चाखायची गरज नव्हती.

खाऱ्या पाण्याने मीठ धुता येत नाही.
म्हणून आता पुन्हा तीन कॅन, पांढरे, नवे,
घरामागच्या विहिरीचं पाणी भरून.
वैशाखात त्या विहिरीचा तळ दिसतो,
भाभी घरात तांब्या मोजून देतात
आणि दगडावर काचा न्हाऊन निघतात.
जावई आणलेत, भाभी म्हणतात,
बारा.

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात
पाच दिवस आभाळ उघडलं नाही,
आणि वाराही, कधी नव्हे तो, पडला.
होड्या बाहेर गेलेल्या.
देवरुखात, अंथरुणात, मोबाइलवर मी पाहत होते:
बॅटरी चाळीस, छत्तीस, एकतीस.
रात्री दोन चाळीसला
जनरेटर आपला आपण सुरू झाला.
मी फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.
ऐकला मी, ते म्हणाले. खोकतोय जरा, फिल्टर बघायला हवा.

दगडापासून घर तीन मैल.
पाऊस कौलांवर. दाराला अडसर.
ऐकू जाणं शक्य नाही,
म्हणून अहवालात मी ते घेतलं नाही.
फिल्टर खरोखरच तुंबला होता.

परवा दगडावरची नोंदवही चाळली.
इंधन, या छापील रकान्यात
दर शुक्रवारी, त्यांच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात,
गोडं पाणी, कॅन ३.
रकाना चुकलाय. दुरुस्त करावा म्हणून
मी पेन काढलं.
दमट हवेने शाई उतरेना.
दोनदा झटकलं,
मग भरती चढू लागली, आणि खालून हाक आली.